चौथा लायनर

"ब्लॉक फुटलाय म्हनं. कुनी सांगितलं? त्या मेकॅनिकनं खालचं ऑइलचं चेंबर तरी खोललं का?"

बाळासाहेबांनी ऑइलची पट्टी लेकीच्या नाकासमोर धरली. पट्टीवरचं काळं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. कुठून तरी त्यात पाणी शिरलं होतं.

"न्हाई खोललं," संपदा म्हणाली. "पट्टी बघितली, पांढरा धूर बघितला आन् म्हनला, इंजिन गेलं. नवं यायला सा आठवडे."

"सा आठवड्यात किवीच्या वेली मोकळ्या हुत्यात."

"ते मला सांगताय व्हय, आण्णा?"

ऑकलंडच्या खालच्या अंगाला, टौरंगा शहरापासून अर्ध्या तासावर, बागांच्या मधल्या रस्त्यावर संपदाचं घर होतं आणि मागे पत्र्याची शेड. चौदा वर्षांपूर्वी ती फळबागांचं शिक्षण घ्यायला आली, बागेतच ट्रक शिकली आणि पुढे हा सहा सिलिंडरचा जुना ट्रक स्वतःच्या नावावर केला. तोडणी सुरू झाली की किवीच्या लाकडी पेट्या बागेतून पॅकहाउसला न्यायच्या, हे तिचं काम. आई गेल्यावर दोन वर्षांमागे तिनं वडिलांना इकडे आणलं. एसटीच्या कराड डेपोत त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती.

तोडणीला बारा दिवस होते. बागेसाठी गाड्या लावणारा मकरंद मूळचा पुण्याचा. त्याचा फोन आलाच.

"ताई, ऐक ना. गाडी नाही तर नाही, नो स्ट्रेस. तुझा राउट मी दुसऱ्याला देतो. पुढच्या सीझनला बघू."

"बारा दिवस आहेत. आम्ही इंजिन खोलतोय."

"घरी? शेडमध्ये? अगं, ते काय मिक्सर आहे का?"

"मिक्सरपेक्षा सोपं. मिक्सरचे पार्ट मिळत नाहीत इथे."

"मी सीरियसली बोलतोय."

"मग मीही. राउट द्यायचा तर दे. पहिल्या दिवशी सहाला मी बागेत असेन. दोन गाड्यांचं काय करायचं ते तू ठरव."

बाहेर मार्चचा पाऊस तिरका लागला होता. राखेसारखी भुसभुशीत माती पाणी लगेच पिऊन टाकत होती, त्यामुळे चिखल नव्हता. बाळासाहेबांनी चेंबर उतरवलं आणि ट्रकखाली पुठ्ठा पसरला. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला.

"आता पान्याला दाबायचं. कुठं ठिपकतंय ते इंजिनच सांगतंय. कान हवा फकस्त."

संपदा टॉर्च घेऊन खाली सरकली. पाच मिनिटं काही नाही. मग एक थेंब, त्याच्यामागे दुसरा.

"चौथा," पिस्टन ज्यात खेळतो त्या चौथ्या सिलिंडरच्या नळकांड्यावर टॉर्च धरून ती खालून म्हणाली. "लायनरच्या आतनं येतंय, आण्णा. बाहेरनं न्हाई."

"मंजी ब्लॉक शाबूत. लायनरला भोक पडलंय." बाळासाहेब स्टुलावर बसले. "आन् तो इंजिन बदला म्हनत हुता."

हेड उतरलं, पिस्टन निघाले. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने जुन्या चादरीवर मांडायचा, ही डेपोतली रीत. चादरीवरून कुणी पाय टाकायचा नाही. तिसऱ्या दिवशी चौथा लायनर निघाला. आतून तो आरशासारखा होता. बाहेरची बाजू, जिथून इंजिनाचं पाणी खेळतं, ती किडक्या वांग्यासारखी टोचलेली. एका टोच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

संपदानं तो बराच वेळ फिरवून पाहिला.

"ह्याला कूलंट मिळालंच न्हाई," ती म्हणाली. "नुसतं पानी मिळालंय. जड डिझेल इंजिनाला नुसत्या पान्यानं असंच हुतं. इंजिनाच्या पुस्तकात चित्र हाय."

रेडिएटरचा एक पाइप दीड वर्षं बारीक झिरपत होता. रोज सकाळी बाळासाहेब टाकीतलं पावसाचं पाणी तांब्यानं वर ओतत. डेपोत तसंच करत. झिरपून कूलंट गेलं आणि त्याच्या जागी पाणी भरत आलं.

"ते रंगीत पानी म्या थोतांड समजलो," ते शेवटी म्हणाले. "माझ्या हातानं खाल्लं गं हे इंजिन."

"मी रोज खिडकीतनं बघत हुते. पाइप बदलायला अर्धा तास लागला आस्ता. मी तरी कुठं बदलला?"

"मी वडील हाय. तू कशी टोकनार?"

"आता टोकते. हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायचे न्हाईत. ताण मोजनाऱ्या टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या आकड्यावर, तीन टप्प्यात. आकडा तुमी वाचायचा, मी आवळनार."

एकतीस वर्षं बोल्टचा ताण मनगटात ओळखणाऱ्या माणसानं चष्मा पुसला.

"वाचतो," ते म्हणाले.

बाकीचे पाच लायनरही टोचलेले निघाले. सहाच्या सहा मागवले, बेअरिंगंही. पार्सल ऑकलंडहून चार दिवसांनी आलं. नवा लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते संपदानं प्रत्येकी चार ठिकाणी मोजलं. दुसरा केसभर कमी भरला. बाळासाहेब म्हणाले, चालतंय. तिनं तो काढला, खालची बैठक घासून साफ केली आणि पुन्हा बसवला. मग तो बरोबर आला. बाळासाहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला, दोनदा.

अकराव्या दिवशी दुपारी इंजिन तीन वेळा खोकलं आणि लागलं. तासभर चालवून संपदानं पट्टी काढली. ऑइल स्वच्छ होतं. बाळासाहेबांनी ते बोटांत चोळलं, वास घेतला आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या.

पहिल्या दिवशी सहाला पाच कमी असताना ट्रक बागेत शिरला आणि भरायच्या जागेवर उभा राहिला. मागून दुसरी गाडी आली, तिला थांबावं लागलं. मकरंद धावत आला.

"ताई, राउट त्यांना दिलाय. तू प्लीज साइडला घे. दुपारून काही असेल तर सांगतो."

"करार माझ्याशी आहे. त्यात लिहिलंय, गाडी आली नाही तर दुसरी. गाडी आलीये."

"पण मला काय माहीत ती खरंच येणार?"

"सांगितलं होतं की. रिकामी पाठवायची तर तसं लिहून दे, सही करून."

मकरंदनं मागच्या गाडीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर त्यानं काहीच लिहिलं नाही. फोर्कलिफ्टवरचा हेमी नावाचा माओरी माणूस एवढा वेळ पेटी उचलून ताटकळला होता. "किया ओरा," त्यानं संपदाला माओरीत नमस्कार घातला आणि मकरंदच्या होकाराची वाट न बघता पेटी तिच्या ट्रकवर ठेवली. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे किंचित दबले. इंजिनाचा ठोका तसाच राहिला.

संपदानं हेमीकडे बघत काच खाली केली.

"नेक्स्ट, ब्रो."