'तुकडी दोन'मधला प्रविण

चार वाजले की आमच्याकडच्या धानाच्या बांध्या रिकाम्या होतात. वनखात्याची गाडी भोंगा लावून दोनदा सांगून गेली आहे. बोडीच्या तळ्यापल्याडच्या झुडपात वाघ आहे, एकट्यानं थांबू नका, उजेड असताना घरी या. सगळे येतात. त्या दिवशी माझा नवरा तेवढा आला नाही. दुसऱ्या दिवशी धान कापायला हार्वेस्टर येणार होतं, आणि रानडुकरांना एक संध्याकाळ पुरते. कळप लोळून गेला की धान असं जमिनीला चिकटतं, की यंत्राच्या हाती काही लागत नाही.

"बाबाच्या गुडघ्याले चढवू का मचाणावर?" प्रविण म्हणाला. "एकच दिवस तं आहे. तू ऑनलाइन ये न, मी जागा राहतो."

म्हणून मी ऑनलाइन आले. टीनाला मांडीवर झोपवत, तिच्या डोक्याच्या वर फोन धरून.

सासूबाई म्हणतात, "लेकराची माय झाली अन् बंदुका चालवून राहिली!" पण फोन केला तर आमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. पाणी आहे का, आहे. थंडी वाजते का, नाही. फोनवरच्या 'तुकडी' खेळात तासभर सोबत राहता येतं, न बोलतासुद्धा. चार सैनिकांची तुकडी, एक पूल किंवा एक गाव ताब्यात घ्यायचं, की पुढची फेरी. मी, प्रविण, नागपूरहून माझी नणंद खुशबू, आणि चौथा कोणीतरी अनोळखी.

लग्नानंतर प्रविणनंच मला हा खेळ शिकवला. तेव्हा पहिला भाग होता. माणसं खोक्यांसारखी दिसायची, झाडं कागदाची वाटायची, पण एकाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्याला आपल्यातल्या काढून देता यायच्या. दुसऱ्या भागात ते बंद केलं. आता ज्यानं त्यानं आपलं पाहायचं. मला ते फार लागलं. बाकी हा भाग देखणा आहे, खोटं कशाला बोलू. ओढ्यात पाय टाकला तर पाणी हलतं. पाऊल कोणत्या बाजूनं वाजलं ते कानाला कळतं. जखमी सोबत्याला धरून आडोशाला ओढत नेता येतं. आधी तो पडला तिथंच, गोळ्यांच्या मधोमध बसून पट्टी बांधावी लागायची. पण फोन तापतो तव्यासारखा, आणि बॅटरी डोळ्यांदेखत खाली येते.

"वहिनी, डावीकडं पाह्य न!" खुशबू कानात ओरडली. "अन् हा दादा कुठी मेला?"

"असं नको म्हणू वं."

"अवं, खेळातलं म्हणून राहिली मी. तू तं लगेच रडाले लागते."

प्रविणचा माइक बंद होता. शेतात रेंज कमी, म्हणून तो बटणं दाबून बोलतो. बटण दाबलं की खेळातला एक जाड आवाज हिंदीत बोलतो. मी दर थोड्या वेळानं विचारायचं बटण दाबायचे, आणि पडद्यावर 'प्रविण_३६' असं नाव असलेला हिरव्या टोपीचा सैनिक म्हणायचा, "मैं ठीक हूँ." तेवढं ऐकलं की माझा श्वास खाली बसायचा. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत होतं आणि मी ते मोजल्यासारखं पाहत होते.

पुलावर मला गोळी लागली. मी पडले. प्रविण माझ्याकडं निघाला. आधी भिंतीआड थांबला. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. धुराचा गोळा टाकला, धूर दाट होईपर्यंत वाट पाहिली. मग वाकून आला, मला खांबाआड ओढलं आणि पट्टी बांधली.

"वा रे दादा!" खुशबू म्हणाली. "आज तं एकदम कर्नल!"

क्षणभर मलाही कौतुक वाटलं. शिकला बाई एकदाचा. आणि मग मी पडद्यावरच्या त्या हिरव्या टोपीकडं नीट पाहिलं.

कारण प्रविण असा येत नाही. इतक्या दिवसांत एकदाही आला नाही. मी पडले की तो जिथं असेल तिथून सरळ धावत सुटतो, "आलो, आलो, आलो" करत, ना भिंत ना धूर, आणि माझ्यापासून चार पावलांवर स्वतः गोळी खाऊन पडतो. खुशबू त्याला म्हणते, तुह्या ॲम्ब्युलन्सलेच ॲम्ब्युलन्स लागते. मी किती वेळा चिडले आहे त्यावरून.

पहिल्या भागात कोणाचं नेट गेलं की त्याचा सैनिक हात लोंबकळत तिथंच उभा राहायचा. सगळी तुकडी हरायची. लोकांनी फार तक्रारी केल्या, म्हणून दुसऱ्या भागात कंपनीनं सुधारणा केली. माणूस गेला की त्याच्या जागी यंत्र खेळतं. तेच नाव, तीच टोपी, तोच जाड आवाज. नावाशेजारी एक बारीक राखाडी ठिपका तेवढा येतो. माझ्या फोनची काच नेमकी त्या कोपऱ्यात फुटलेली आहे.

"अवो, माइक चालू करा," मी म्हणाले. मग विचारायचं बटण दाबलं.

"मैं ठीक हूँ."

"खुशबू, तुह्या दादाच्या नावाजवळ ठिपका आहे का गं?"

"आहे, वहिनी."

मी खेळातून बाहेर पडून फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

टीनाला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि अंगणात धावले. सासरे, टेकचंदमामाजी, शेजारच्या परसरामभाऊंशी बोलत उभे होते. भाऊंचा ट्रॅक्टर दारातच होता.

"मामाजी, ते तिथं एकटे आहेत. फोन बंद आहे. चला लवकर."

"बॅटरी गेली असन. येते न आता. इतकी कायले घाबरून राहिली?"

"ते आज नीट खेळले."

"काय?"

"नीट खेळले म्हणते मी! पाहून, थांबून. ते तसे खेळतच नाहीत."

परसरामभाऊंनी मामाजींकडं पाहिलं. सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार. पण मामाजी काही न बोलता आत गेले आणि तेलाचा रिकामा पिपा आणि दोन काठ्या घेऊन आले. आपलं पोर कसं धावतं हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

"तू उतर," मला ट्रॅक्टरवर चढलेली पाहून मामाजी म्हणाले. "बायामाणसाचं काम नाही हे."

"मी नाही उतरत."

भाऊंनी ट्रॅक्टर काढला. मी मागच्या दांड्याला धरून उभी. मामाजी पिपा बडवत होते. दिवस बुडाला होता. धानावर निळसर अंधार उतरला होता. पांदणीची वाट संपली तसे भाऊंनी दिवे लावले. मचाण दिसलं. खाली एक चप्पल उलटी पडलेली दिसली.

"प्रविण!" मामाजी ओरडले. "ए प्रविण!"

उत्तर नाही. मीही ओरडले, पण माझा आवाज इंजिनातच बुडाला. भाऊंनी इंजिन बंद करायला हात नेला, तेवढ्यात वरून बारीक, घोगरा आवाज आला.

"बंद नोका करू. चालूच ठेवा."

मचाणाच्या पायथ्याशी धान हललं. वारा नव्हता. लोंब्या एका रेघेत दबत गेल्या, सावकाश, काही घाई नसल्यासारख्या, शेताच्या धुऱ्यापर्यंत, आणि पुढं बोडीच्या झुडपात. जनावर आम्हाला कोणालाच दिसलं नाही. मामाजींच्या हातातला पिपा तसाच राहिला.

प्रविण उतरला. मी त्याला काखेत हात घालून ट्रॅक्टरपाशी आणलं. सदरा पाठीला चिकटला होता.

"लेकरू कोणापाशी आहे?" त्यानं आधी हेच विचारलं.

"आईपाशी. तुमचा फोन केव्हा बंद झाला?"

"दुसऱ्याच फेरीत. थोड्याच वेळानं हा आला अन् खालीच बसला, कुत्र्यासारखा. हललो असतो तं... मले वाटलं, तुले लगेच कळन. म्या नाही म्हणून."

आम्ही सहावी फेरी खेळत होतो. चार फेऱ्या मी त्या जाड आवाजाला विचारत होते आणि तो ठीक आहे म्हणाला की निवांत होत होते.

परसरामभाऊंनी ट्रॅक्टर वळवला. मामाजी पुढं, आम्ही दोघं मागं दांड्याला धरून. प्रविण गप्प झाला तसा माझा जीव पुन्हा वर आला.

"बोला न काहीतरी."

"काय बोलू?"

"काही बी बोला. बोलत राहा."

"भाऊच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक वाकडं आहे," तो म्हणाला. "हार्वेस्टरवाल्याले उद्या आधी चहा पाजा लागन, नाहीतं कोपरे सोडते तो लेकाचा. मागच्या साली... नाही, मागच्या नाही, त्याच्या मागच्या साली... काय सांगून राहिलो होतो मी?"

"चहा," मी म्हणाले.

"हाव, चहा. तं त्यानं बिनसाखरेचा मागला..." मध्येच तो विसरला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गाव आलं, घर आलं, दारात टीनाचं रडणं ऐकू येऊ लागलं. तो थांबला की मी त्याला कोपरानं ढोसत होते.

"मग?"