पूजेतली किल्ली

वागळे इस्टेटमधल्या त्या गोदामात मशीन ऑइलची तीनशे पिंपं होती आणि तीनशेंचाही जीव एका कागदात अडकलेला होता. तेल साठवायचं सरकारी प्रमाणपत्र. दरवर्षी खात्याचं माणूस येऊन बघून जायचं, मग नूतनीकरण. नाही झालं, तर गोदामाला टाळं. त्या कागदावर ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात गेली अकरा वर्षं एकच नाव होतं, पोपट काळुराम शेलार.

पोपटकाकांना या नावाचं भारी कौतुक. आधार कार्डावर नाव सगळ्यांचंच असतं, पण जबाबदार म्हणून सरकारने लिहून दिलंय असं किती जणांचं असतं, हे दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या अख्ख्या चाळीला पाठ झालं होतं. “घरचा गॅस बंद करायला विसरतात आणि म्हणे जबाबदार,” त्यांची बायको, शेवंताकाकू, म्हणायच्या. मार्चमध्ये काका निवृत्त होणार होते. यंदाचा कागद शेवटचा, आणि तो आपल्या नावाने यावा एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

जबाबदारी म्हणजे काय, तर एक कपाट. तेल सांडलं तर लागणारी वाळू, तेल टिपायचे पॅड, रबरी हातमोजे, सगळं त्यात. पहिल्याच वर्षी कुणीतरी पॅडने बाइक पुसली, कुणी कुंडीसाठी वाळू नेली. काकांनी त्याच दिवशी कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. साहेब येत, काका दार उघडत, साहेब लांबूनच नजर टाकून टिक मारत आणि चहा पीत. तेव्हापासून त्या कपाटातल्या वस्तूला माणसाचा हात लागला नाही, याचा काकांना कोण अभिमान!

यंदा मात्र खात्याला खंडेनवमीच सापडली. ऑफिसातली ऐश्वर्या सकाळपासून फाटकाच्या आत मोराची मोठी रांगोळी काढत बसली होती. पिंपांना झेंडूच्या माळा, फ्रेममधल्या प्रमाणपत्राला कुंकवाचं बोट. नवमीला कोण सरकारी माणूस फिरकतोय म्हणून काका निवांत होते. एवढ्यात जीप आली आणि भावना मॅडम उतरल्या. नवीन अधिकारी, वय तिशीच्या आत.

काका फाइल आणि पेढे घेऊन धावले.

“फाइल नंतर,” मॅडम म्हणाल्या. “आधी सराव.” त्यांनी नळाखालची पाण्याने भरलेली मोठी बादली उचलली आणि पिंपांजवळ सरळ आडवी केली. “हे तेल समजा. बाहेरच्या गटारात थेंबही जाता कामा नये. दहा मिनिटं.” आणि मोबाइलवर घड्याळ लावलं.

काकांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. जुडगा घरी होता. नवमीची पूजा म्हणून पहाटे त्यांनीच तो देवापुढे, सुरी-कात्रीच्या शेजारी, मांडला होता. त्यांनी घरी फोन लावला.

“अगं शेवंते, किल्ल्या! कुणाच्या तरी हाती पाठव पटकन!”

“पूजेतल्या? अहो, त्या उद्या दसऱ्याला उचलायच्या.”

“इथे तेल सांडलंय गं!”

“मग पुसा की! देवापुढचं उचलायला सांगताय, काय झालंय काय तुम्हाला?” आणि काकूंनी फोन ठेवला. त्यांचंही खरंच होतं. दिव्याहून वागळेला दहा मिनिटांत देवसुद्धा पोचला नसता.

पाण्याचा ओघळ फाटकाच्या उताराला लागला. कपाटाकडे बघून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच पाण्याकडे नीट बघितलं. ते मोराच्या पिसाऱ्याकडे चाललं होतं. शेजारी रांगोळीच्या दोन गोणी उभ्या होत्या.

“काका, माझा मोर!” ऐश्वर्या किंचाळली.

पण काकांनी गोण उपडी केलीही होती. मग दुसरी. त्यांनी हातांनीच फाटकाच्या आत बांध घातला, ऐश्वर्याने कपाळावर हात मारून घेतला आणि मग तीही गुडघ्यावर बसून बांध दाबू लागली. पाणी थबकलं, रांगोळीत मुरलं. गटार कोरडं ठणठणीत.

“सहा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “छान. आता कपाट उघडा.”

कुलूप हातोड्याने तोडावं लागलं. पुढची रांग शाबूत होती. मॅडमनी एक पॅड ओढला आणि मागून उंदरांचं एक अख्खं कुटुंब बाहेर पळालं. मागच्या पॅडच्या चिंध्या, हातमोज्यांना बोटं नाहीत, वाळूचा दगड झालेला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं आपण हे सांभाळलं?

“जबाबदार कोण?” मॅडमनी विचारलं.

“मीच,” काका म्हणाले. “कुलूप माझं, चूकही माझी. माझं नाव खोडा मॅडम, पण गोदाम बंद करू नका.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या रंगलेल्या हातांकडे. “पंधरा दिवसांनी येते,” म्हणाल्या आणि जाताना एक पेढा घेतला.

पंधरा दिवसांनी कपाटात सगळं नवं होतं आणि कपाटाला दारच नव्हतं. काकांनी ते बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र आलं. जबाबदार व्यक्ती, पोपट काळुराम शेलार. काकांनी ते तीनदा वाचलं. मग सोबतची सामग्रीची यादी वाचली. वाळू, पॅड, हातमोजे, आणि शेवटी मॅडमच्या अक्षरात, सही-शिक्क्यासकट: रांगोळी, दोन गोणी.

“काका, दारात काढायला थोडी रांगोळी घेऊ?” ऐश्वर्याने विचारलं.

“हात लावू नकोस, सरकारी आहे ती!” काका गरजले. मग बिनदाराच्या कपाटाकडे त्यांची नजर गेली आणि ते ओशाळले.

“घे,” ते म्हणाले. “हवी तेवढी घे. फक्त संध्याकाळच्या आत गोण भरून ठेव.”