दक्षिणेच्या पायऱ्या

"श्यामबाबू, पायऱ्या तुटक रेषेत हव्यात. तुम्ही पुन्हा सलग काढल्यात," सेनसाहेब खांद्यावरून वाकून म्हणाले. "अहो, पाडायच्या आहेत ना त्या!"

श्यामकांत पटवर्धनने मान डोलावली आणि तो ब्लेड शोधू लागला. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या त्या कचेरीत इमारतींचे नकाशे तोच शाईने काढी. जे राहणार ते सलग रेषेत, जे जाणार ते तुटक रेषेत, हा या धंद्यातला पहिला धडा. स्वातंत्र्य येऊन सातएक वर्षं झाली होती, जिकडेतिकडे नवं बांधायची हौस होती. आता समोरच्या जुन्या चर्चलाही एक हॉल जोडायचा होता, काँक्रीटचा, सपाट छपराचा. तो येणार दक्षिणेच्या अंगाला. तिथलं दार कित्येक वर्षं बंदच होतं, मग त्यापुढच्या पायऱ्या हव्यात कुणाला? विचारणं काही चुकीचं नव्हतं.

दर गुरुवारी दुपारी श्यामकांतची बायको तिथे येऊन बसते, हे सेनसाहेबांना कुठून ठाऊक असणार?

दोन हिवाळ्यांपूर्वी डॉक्टरांकडून परतताना ट्राम येईना, म्हणून कालिंदी तापाने फणफणलेल्या लेकीला, वृंदाला, मांडीवर घेऊन त्या पायऱ्यांवर टेकली होती. आत चर्चच्या वादक मिस रोझारियो ऑर्गनवर रविवारच्या प्रार्थनेची तयारी करत होत्या. पोरीने डोळे किलकिले करून विचारलं, "आई, गान कोण करते?" कलकत्त्यातच जन्मलेली पोर, मराठीत बंगाली कालवायची. त्यानंतर ती फारसं काही बोललीच नाही. आठवड्याच्या आत गेली.

तेव्हापासून गुरुवार ठरलेला. कलतं ऊन, कबुतरांची घुमघुम, भिंतीतून पाझरणारे सूर, आणि मांडीवर हात पसरून बसलेली कालिंदी. तिला हाक मारायचा धीर श्यामकांतला होत नसे. कचेरीच्या खिडकीतून बघता बघता त्याच्या पेनातली शाई सुकून जाई, ट्रामची घंटासुद्धा कुठून तरी लांबून आल्यासारखी वाटे.

ब्लेडने त्याने रेषा हलकेच खरवडली. पायऱ्या तुटक झाल्या.

संध्याकाळी चहाची कपबशी पुढ्यात आली, तरी तो नुसता बसून राहिला.

"अहो, बरं नाही का वाटत?" कालिंदीने विचारलं.

"चर्चला हॉल होतोय. त्या पायऱ्या जाणार."

"कुणी ठरवलं?"

"वरच्यांनी."

"आणि नकाशा?"

वेळ मारून नेता आली असती. पण तिच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"मी काढला."

तिने त्याच्या शाईच्या बोटांकडे पाहिलं. "चहा निवतोय तुमचा," एवढंच म्हणाली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं. पुढे कित्येक दिवस ती कामापुरतंच बोलली.

मग एका गुरुवारी त्याने खिडकीतून पाहिलं तर पायऱ्यांच्या जागी विटांचा ढीग होता. मजूर बिड्या ओढत बसले होते. कालिंदी कुठेच दिसेना. सेनसाहेबांना न विचारताच तो जिना उतरला.

चर्चच्या मोठ्या दारापाशी तिच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा एका कडेला. इथे कुणीच चपला काढत नाही. दरवान बिचारा गोंधळून त्या राखत उभा होता.

"माईजी अंदर हैं," तो हळूच म्हणाला.

श्यामकांतने बूट काढले, मोजे काढले. आतली फरशी गार होती. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन बाकांवर पसरलं होतं आणि शेवटच्या बाकावर कालिंदी डोळे मिटून बसली होती. दोन वर्षं ती बाहेरच बसत आली होती. आत गेलं तर कुणी हटकेल, याची तिला धास्ती होती. मिस रोझारियोंनी एकदा मागे वळून या अनवाणी नवराबायकोकडे पाहिलं, आणि अर्धवट सोडलेली धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तो बाकाशी अवघडून उभा राहिला. जा म्हणाली तर निमूट जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

कालिंदीने डोळे उघडले नाहीत. पदर आवरून ती थोडी सरकली. तो बसला, पण अगदी कडेला. मधे लहानशी जागा दोघांनीही मोकळी ठेवली.