रेघ वाळेपर्यंत

भावाची फजिती डोळ्यांनी बघायची, एवढ्याच हेतूने धाकटी दवाखान्याच्या सभागृहात दुसऱ्या रांगेत येऊन बसली होती. समोर दादा कृत्रिम हाताची महती सांगत होता. "आम्ही घडवला, आम्ही शोधलं," असं चाललं होतं. त्या 'आम्ही'त ती नव्हती.

सहा वर्षं दोघांनी एकाच कारखान्यात काढली. दादाचं यंत्र प्लास्टिकच्या थरावर थर चढवत हात उभा करायचं. त्या थरांच्या मध्येच चांदीच्या शाईचे थेंब सोडून बारीक रेघा छापायच्या, म्हणजे बोटाला लागलेला दाब मनगटातल्या मोटारीला कळतो, तारांचं जंजाळ लागत नाही, ही अक्कल धाकटीची. रेघ छापून झाली की ती यंत्र थांबवायची आणि वर गरम दिवा धरून बसायची. बारा मिनिटं. मळकट रेघ चकाकली की मगच पुढचा थर.

दादा येता-जाता म्हणायचा, "झाली का बाईसाहेबांची विश्रांती?" अख्खा कारखाना हसायचा. तीही हसायची.

मग दवाखान्याचं मोठं काम आलं आणि अर्जावर नाव लागलं एकट्या दादाचं. तिने विचारलं, तर म्हणाला, "अगं, घरातलंच तर आहे. तू मदतीला असतेसच की."

मदतीला. ती त्याच दिवशी चपला घालून बाहेर पडली. यंत्राला दिलेल्या सूचना तशाच ठेवून आली, एक अक्षर न खोडता. दादाने त्या उघडल्या, बारा-बारा मिनिटांचे थांबे पाहिले आणि आता कोणाची विश्रांती नको म्हणून एकेक करून पुसून टाकले. दिवसाला एका हाताऐवजी तीन हात निघायला लागले, तसा गडी छाती काढून हिंडू लागला.

हे तिला तिथल्या जुन्या फिटरने सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली. ओल्या रेघेवर थर चढला तरी हात पहिल्या दिवशी झकास चालतो. महिनाभर बोटं वाकली की रेघ आतल्या आत तडकते. एका फोनचं काम होतं. तिने केला नाही. देव सगळं बघतो हे खरंच. पण त्याला सवड होईपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

आता सभागृहात एक शिंपीणबाई पुढे आल्या. महिनाभर तो हात त्याच वापरत होत्या. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कात्री उचलून दाखवा."

बोटं मिटली, कात्री जरा वर आली आणि खणकन खाली पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बोटं हललीच नाहीत. दादाचा चेहरा उतरला. धाकटीच्या काळजात गार गार वाटलं.

"माझंच चुकलं असेल," शिंपीणबाई ओशाळून म्हणाल्या. "घरी फार राबवला मी. हात गुणाचा आहे, मीच वेंधळी."

"जपून वापरा असं सांगितलं होतं यांना," दादा म्हणाला.

धाकटी उठली. "दादा, तो हात चीर."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मी यांच्या मदतीला असते."

करवत दादाच्याच पेटीत होती. शिंपीणबाईंनी हात काढून दिला आणि सगळ्यांदेखत त्याला तळवा चिरावा लागला. आत मळकट रेघ, तुकडे तुकडे झालेली.

धाकटी शिंपीणबाईंकडे वळली. "बघा बाई, तुम्ही नाही तोडलीत. याने ती ओलीच गाडली. वाळवायला बारा मिनिटं लागतात, ती याने खाल्ली."

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?" शिंपीणबाईंनी विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. "महिना झाला."

"आणि गप्प राहिलात?"

"याला पाडायचं होतं."

"पाडलंत की. पण माझी चार गिऱ्हाइकं गेली, त्यांचं काय?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि रिकामी बाही खोचत त्या दाराकडे निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी गोदामातले सगळे हात परत न्यायला सांगितलं. दादा हळूच म्हणाला, "येशील का गं परत? सगळे नव्याने करावे लागतील."

"रेघ कोणाची ते आधी सांग. इथेच."

तो पुटपुटला.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

त्याने मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं, नावासकट. धाकटीने ते शेवटच्या अक्षरापर्यंत उभं राहून ऐकलं. गोड लागलं, अगदी जिभेवर ठेवावं असं. मग ती धावत जिना उतरली.

शिंपीणबाई शेवटच्या पायरीवर होत्या.

"बाई, नवा हात मी करते. माप घ्यायला उद्या येऊ?"

शिंपीणबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "या. पण पुन्हा कोणावर रुसून गप्प बसणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरीकडे बघते."