खंडेनवमीची डबी

बंदुकीच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडणारी बाई एक दिवस स्वतःच बंदुकांच्या दुकानात फोन करून "गोळ्या आल्या का?" असं विचारेल, हे कुणी आधी सांगितलं असतं तर रेखाने त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते कोविडचं पहिलं वर्ष होतं. त्या वर्षी काय काय झालं नाही?

"लायसन्स नंबर?" पलीकडचा दुकानदार विचारायचा.

"माझं नाही, मिस्टरांचं आहे. त्यांना सरप्राइज द्यायचंय."

"सॉरी, लव्ह. ज्याचं लायसन्स त्यालाच देता येतात. आणि खरं सांगू का, शेल्फ रिकामंच आहे. अमेरिकेत लोकांनी सगळा माल उचललाय, जहाजं वेळेवर येत नाहीत. बावीस डॉलरची डबी अडतीसला गेली, तरी सकाळी आलेला माल दुपारपर्यंत राहत नाही."

तरीही रेखा आपला नंबर लिहून घ्यायला लावायची, "आल्या तर नक्की कळवा हं" म्हणायची आणि पुढचं दुकान गाठायची. टूवूंबा झालं, वॉरिक झालं, पार ब्रिस्बेनपर्यंत फोन गेले. सगळीकडे नन्नाचा पाढा. एकाने तर फोन ठेवताना "गुड लक, मेट" म्हटलं. मेट म्हणे! चुलीत गेलं तुझं लक, असं पुटपुटत तिने कणीक मळायला घेतली.

हा सगळा आटापिटा होता भास्करसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. शेतांना पाणी पुरवणाऱ्या पंपांचा हा इंजिनिअर, पुण्याहून टूवूंबाला आला तो नोकरीसाठी. पण इथल्या पहिल्याच वर्षी त्याला गावाबाहेरची एक रायफल रेंज सापडली आणि कॉलेजात एनसीसीत असताना लागलेलं जुनं वेड पुन्हा उफाळून आलं. तेव्हापासून रविवार म्हणजे रेंज. पोटावर झोपायचं, पन्नास मीटरवरच्या कागदाच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा, चिमटीएवढी गोळी नळीत घालायची, उडवायची. पुन्हा एक घालायची, पुन्हा उडवायची. शिकार नाही, स्पर्धेचं मोठंसं बक्षीस नाही. घरी येऊन तो भोकं पडलेले कागद लहान मुलाने चित्र दाखवावं तसे दाखवायचा.

"वा! चाळणीच झाली की," रेखा म्हणायची. "आता यातून पीठ चाळू?"

तो हसायचा. त्याच्या हसण्यावर तिचा सगळा राग फुकट जायचा, हे तिलाही माहीत होतं.

खंडेनवमीला त्याने पहिल्यांदा रायफल देवासमोर आणून ठेवली, तेव्हा तिने बरंच आकांडतांडव केलं होतं. "शस्त्र कसलं हो हे? कागदाला भोकं पाडायचं यंत्र!" पण पूजा केलीच. रायफलला कुंकू लावायला गेली तर हा ओरडला, "अगं, नळीला नको, गंज धरेल!" मग तिने गोळ्यांच्या डबीवर कुंकवाचं बोट ओढलं. तेव्हापासून तसा रिवाजच पडला. दर नवमीला एका नव्या डबीवर रेखाचं बोट उमटायचं, आणि ती डबी भास्कर वर्षभर फोडायचा नाही. गोळ्यांच्या छोट्या लोखंडी सेफमध्ये सगळ्यात मागे ठेवायचा. पुढच्या नवमीला तीच पहिली उघडायची आणि तिच्या जागी दुसरी बसायची. त्या सेफची किल्ली कायद्याने त्याच्याकडेच. रेखाने कधी मागितली नाही.

मार्चमध्ये सगळं बंद झालं, रेंजही बंद झाली. जूनमध्ये उघडली. क्लबची माणसं परत जायला लागली आणि भास्कर मात्र रविवारी सोफ्यावर.

"जात नाही?"

"गोळ्या नाहीत गं."

"संपल्या?"

"संपल्या. मिळतच नाहीयेत कुठे. आणि दुसऱ्या मिळाल्या तरी माझ्या रायफलला चालत नाहीत, तिला त्याच एका लॉटच्या, एका खेपेत बनलेल्याच लागतात."

तिला खरं वाटलं. का नाही वाटणार? टॉयलेट पेपर नव्हता, तूरडाळ नव्हती, ताप मोजायचं थर्मामीटर नव्हतं. मग गोळ्याच तेवढ्या कशा मिळतील! पण तांदूळ आले, डाळ आली, आणि भास्करचं "मिळत नाहीत" काही संपेना. माणूस दिवसेंदिवस मिटत चालला. बोलणं तुटक झालं. वरण-भात चमच्याने खायला लागला. "अगदी साहेब झालात!" तिने टोमणा मारला, तर म्हणाला, "हात धुवायचा कंटाळा येतो गं, मध्येच मीटिंग लागते." घरून काम, त्यामुळे दिवसभर अंगात टी-शर्ट. चहाचा मग दोन्ही हातांनी धरायचा. थंडी होती, तिला वाटलं ऊब घेतोय. गाडी चालवायचाही त्याला कंटाळा. ऑगस्टमध्ये दोनदा पंपांच्या पाहणीसाठी म्हणून ब्रिस्बेनला गेला, तेही कुणीतरी न्यायला आलं तेव्हा, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन.

त्यांचा मुलगा शंतनू मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत. तिथे तर लॉकडाउन आणखी कडक, राज्याची सीमा बंद. फोनवर तो म्हणायचा, "मम, जस्ट लेट हिम बी. एव्हरीवन्स फीलिंग लो."

"तू नको शिकवू मला," रेखा म्हणायची. "तीस वर्षं ओळखते मी त्यांना. त्यांना रेंजवर नेलं ना एकदा, की बघ कसे उठून बसतात."

तिच्या मनाने हेच घेतलं होतं. गोळ्या मिळाल्या की आपला माणूस परत मिळेल. म्हणून ते फोन.

दुकानांनी हात टेकायला लावले, तेव्हा तिने शेवटी क्लबच्या डॅरिलला फोन केला. डॅरिल म्हणजे सत्तरीचा, गाई विकून निवृत्त झालेला शेतकरी, रेंजवर भास्करच्या शेजारच्या चटईवर झोपणारा. दिवाळीत रेखाची चकली घरी नेऊन बिअरबरोबर खाणारा. तिने त्याला सगळं सांगितलं. गोळ्या मिळत नाहीत, भास्कर खचलाय, वाढदिवस जवळ आलाय, एक डबी उसनी दे, अगदी एकच.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा.

"डॅरिल?"

"आहे, आहे. रविवारी घेऊन ये त्याला, रेखा. एक डबी आहे माझ्याकडे. त्याच्याच लॉटची."

रेखाला इतका आनंद झाला की तिने त्याच दिवशी बेसन भाजायला घेतलं.

रविवारी ती म्हणाली, "चला, जरा बाहेर जाऊन येऊ," आणि गाडी सरळ रेंजच्या कच्च्या रस्त्याला लावली. भास्करने वळण ओळखलं.

"रेखा, कुठे चाललोय आपण?"

"तुमच्या माहेरी," ती म्हणाली. "डॅरिलने गोळ्या ठेवल्यात तुमच्यासाठी. त्याच लॉटच्या! मी मिळवल्यात. आता बोला!"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. आनंद लपवत असेल, असं तिने समजून घेतलं.

डॅरिल शेडमध्ये एकटाच होता. मास्क नाही, पण लांबूनच कोपर वर करून नमस्कार. त्याने आतून क्लबची रायफल आणली, चटई अंथरली आणि लाकडी टेबलावर एक डबी ठेवली.

रेखा लाडवांचा डबा उघडत होती, ती तशीच थांबली.

डबीच्या झाकणावर कुंकवाचं बोट होतं. वाळलेलं, थोडं फिकटलेलं, शेवटाला जरा डावीकडे वळलेलं. गेल्या नवमीला ते ओढताना शंतनूचा फोन आला होता आणि तिचा हात हलला होता. तिचंच बोट. तिच्याच घरातल्या, तिच्याच नवऱ्याच्या सेफमधली डबी.

"ही इथे कशी?" तिने विचारलं. भास्कर डॅरिलकडे बघत होता.

"बाकीच्या तू सांगितल्याप्रमाणे ज्युनिअर पोरांना दिल्या, मेट," डॅरिल त्याला म्हणाला. "पण हिच्यावर तिची खूण होती. ही वाटायला मला जमलं नाही." एवढं बोलून तो लक्ष्याचे कागद आणायला म्हणून मैदानात निघून गेला.

"म्हणजे गोळ्या होत्या?" रेखाचा आवाज चढला. "अहो, होत्या तुमच्याकडे?"

"होत्या. भरपूर होत्या."

"आणि मी मेली इथे दुकानदुकानांच्या विनवण्या करत होते! लोक मला लव्ह म्हणत होते, मेट म्हणत होते! काय चेष्टा लावलीय तुम्ही?"

भास्करने डबी पुढे ओढली, दोन्ही हातांनी झाकण काढलं आणि आतली एक गोळी उचलायला गेला. गोळी बोटांतून निसटली. त्याने पुन्हा चिमूट केली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आले, पण मिटेनात. गोळी टेबलावरून घरंगळत कडेला गेली आणि खाली पडली. तो वाकला नाही. त्याने फक्त हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. हा हात तिने रोज पाहिला होता, आणि कधीच पाहिला नव्हता.

रेखाला चमचा आठवला. टी-शर्ट आठवले. दोन्ही हातांनी धरलेला मग आठवला.

"कधीपासून?"

"जानेवारीत गोळी पहिल्यांदा निसटली. मला वाटलं वय झालं." तो हळू बोलत होता. "डॅरिलने दोनदा ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात नेलं. ऑगस्टमध्ये पक्कं झालं. नसांचा आजार आहे. हातात सुरू झालाय, हळूहळू सगळीकडे जाणार. मग बोलणं, मग गिळणं. औषध नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो गं. शंतनूला येता आलं की तुम्हा दोघांना एकदमच. सीमा उघडेनात. गोळ्या मिळत नाहीत, असं तुला सांगत होतो ना, सांगता सांगता मलाही तसंच वाटायला लागलं होतं. नाहीत म्हणून जात नाही. आल्या की जाईन. गोळ्या नव्हत्या तोवर मी बरा होतो, रेखा."

रेखा बाकावर बसली. आपण किती प्रेमाने, किती हट्टाने हे सगळं केलं, या विचाराने तिला रडू फुटलं. त्याच्याजवळ लपायला एवढंसं निमित्त उरलं होतं, आणि तिने महिनोन्‌महिने धडपडून नेमकं तेच संपवलं होतं. मैदानात डॅरिल पाठमोरा उभा होता. कागद केव्हाच लावून झाला होता, तरी तो परत येत नव्हता.

शेवटी तिने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले, खाली वाकून ती पडलेली गोळी शोधली आणि तळहातावर घेतली. भुईमुगाच्या शेंगेएवढीही नाही. एवढ्याशा वस्तूवर ती आयुष्यभर रागावली होती.

"डॅरिल!" तिने हाक मारली. "मी हात लावला तर चालेल का?"

तो आला. पाहुण्यांसाठीचा फॉर्म त्याने तिच्याकडून भरून घेतला, सही घेतली, आणि शेजारी उभा राहिला. भास्कर चटईवर पोटावर झोपला. डॅरिलने रायफल टेकणीवर ठेवली. रेखा गुडघे टेकून बसली आणि भास्करने सांगितलं तसं, तिने गोळी नळीत सरकवली.

"बोल्ट, तो दांडा, पुढे कर. हं. खाली. झालं. आता ते आवाज अडवणारे मफ कानाला लाव."

तर्जनीने जमेना म्हणून त्याने चापाला मधलं बोट लावलं. बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज झाला, आणि ती दचकली. कागद कुठे फुटला ते बघायला भास्करने मान वर केली नाही. त्याने गाल रायफलच्या लाकडाला टेकवला आणि डोळे मिटून तसाच पडून राहिला.

"बस," तो म्हणाला. "चल घरी."

लाडू डॅरिलकडे राहिले. डबी भास्करने घरी आणली आणि सेफ उघडून मागच्या जागी ठेवली. त्या एका डबीशिवाय रिकामं असलेलं ते सेफ रेखाने पहिल्यांदाच आत वाकून पाहिलं. संध्याकाळी शंतनूला फोन केला. तो पहिल्या वाक्यानंतर इंग्लिश विसरला आणि नुसता "बाबा, बाबा" करत राहिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ब्रिस्बेनच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. त्या सकाळी भास्कर म्हणाला, आज शर्ट घालतो, नीट जाऊ. तो हात सोडून तिच्यापुढे उभा राहिला आणि ती खालून एकेक बटण लावत वर येत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो मान वाकडी करून खांद्यात धरला.

"गुड न्यूज!" वॉरिकचा दुकानदार होता. आवाज एवढा मोठा की भास्करलाही ऐकू येत होता. "शिपमेंट आलंय! तुझ्या मिस्टरांना हव्या होत्या त्याच लॉटच्या. भावही उतरलाय जरा. दोन डब्या त्याच्या नावाने बाजूला ठेवू का? संध्याकाळपर्यंत उरायच्या नाहीत."

रेखाने भास्करकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, ती काय सांगते म्हणून.

"नको, थँक यू," ती म्हणाली. "त्यांच्याकडे भरपूर आहेत."

आणि तिने गळ्याचं बटण लावलं.