उलटा हत्ती

मी एक जुना हत्ती आहे, मित्रांनो. सोंडेचा नव्हे, बुद्धिबळाच्या पटावरचा, लाकडी. फारूखभाईंनी मला शहागंजातून आणलं तेव्हा अंगाला नव्या पॉलिशचा वास होता. आता बजाजनगरला त्यांच्या पलंगाखाली डब्यात पडून आहे, आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

फारूखभाईंनी लेकीला, आमरीनला, याच पटावर खेळ शिकवला. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो. डब्यात दुसरा वजीर नसला की ते मेलेल्या मला उलटं ठेवून म्हणायचे, "हा झाला वजीर!" घरोघरी हेच चालतं. मला राग यायचा, पण विचारतो कोण?

जिल्हा स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकणारा राज्य स्पर्धेला जाणार होता. खेळाडूंनी पट आपापला आणायचा होता, म्हणून मीही गेलो. आमरीननं दुसऱ्याच खेळीला एक प्यादं मुद्दाम मारायला दिलं. याला गॅम्बिट म्हणतात. आधी द्यायचं, मग तुटून पडायचं. समोरच्या अभयनं ते अधाशासारखं घेतलं. पुढं मीही मेलो, वजीरही गेला, पण पोरीचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचलं!

वजीर मात्र अभयच्या मुठीत. मारल्यापासून अभय त्याच्याशी चाळा करत बसला होता. घड्याळ पळत होतं. आमरीननं झटकन मला उचलून उलटं ठेवलं आणि पुढच्या खेळीला तिरकं सरकवलं. शह आणि मात!

अभयनं हात वर केला. पंच तनुजा मॅडम आल्या. "उलटा ठेवला तरी हत्तीच, आणि हत्ती तिरका जात नाही. हात लावलास, आता यालाच सरळ चालव."

सरळ जाऊन मी फुकट मेलो. डाव गेला.

"वजीर त्याच्या मुठीत व्हता ना, मॅडम!" फारूखभाई ओरडले.

"घड्याळ थांबवून माझ्याकडे दुसरा वजीर मागायचा होता. नियम आहे."

आमरीन रडली नाही. बापाकडं बघून एवढंच म्हणाली, "अब्बू, तुम्हीच शिकवलं व्हतं."

नियमावर माझा राग नाही. त्या मुठीवर आहे, आणि त्याहून जास्त फारूखभाईंवर. मित्रांनो, मारलेले मोहरे टेबलावर ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, "आम्हाला खेळ शिकवताय तर खरा शिकवा."

फारूखभाईंनी आता जादा वजीर आणून डब्यात ठेवलाय. आमरीननं डबा उघडलेला नाही.