पडद्यावरचा जून

माउसच्या मधलं छोटं चाक फिरेना. विजयकुमारनं कडेला नख घातलं, तर पिवळसर बारीक धूळ निघाली... शेजारच्या गोदामातल्या हळदीची असणार. केव्हा साठली एवढी? मग त्यानं रुमालानं कीबोर्ड पुसला, पडदा पुसला, आणि पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं, की आपण हे चोरासारखं करतोय – दाराकडे बघत.

शीतल कोणत्याही क्षणी येणार होती. वारंगा फाट्याकडच्या एका सेवा सोसायटीची ती सचिव, तो वसमत तालुक्यातल्या एका सोसायटीचा. काल सहकार खात्यातल्या जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला होता, तुमच्यासारखा कारभार कसा चालवायचा ते तिला दाखवा म्हणून. तुमच्यासारखा... गेल्या महिन्यात हिंगोलीच्या बैठकीत याच साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली होती, सगळे हिशेब रोजच्या रोज संगणकावर करणारी सोसायटी म्हणून. त्यानं स्वतः तसा दावा कुठं केला नव्हता. फक्त टाळ्या वाजत असताना तो गप्प राहिला होता.

कारण हिशेब अजून हातानंच लिहिले जात. संगणक आला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष तातेरावांनी नेहमीसारखी रोजकीर्दीची वही सहीला मागितली. सभासदांनाही त्याच्या अक्षराचीच सवय. मग तिमाही संपली की वसमतहून एक माणूस बोलवायचा, तीन महिन्यांचे व्यवहार मशीनमध्ये एकदम भरून घ्यायचे. पैशाचा घोळ नव्हता, वर साहेबांकडे जाणारे आकडे बराबर होते. आपलं काय बिघडून राहिलं, असं तातेराव म्हणत, आणि खरंच, काही बिघडत नव्हतं...

शीतल आली ती दोन गाड्या बदलून, घामानं डबडबून. पाणी प्यायली आणि लगेच सांगू लागली – तिच्याकडे नेट जातं, मधेच सगळं अडकतं, माणसं रांगेत खोळंबतात, मग ती हातानं लिहून घेते आणि मशीन मागं पडतं. साहेबांनी चारचौघांत विचारलं, त्या सोसायटीला जमतं तर तुम्हाला काहून जमत नाही? येत्या सभेत तिच्या जागी दुसरं माणूस घेण्याचा ठराव होता.

त्या सोसायटीला, म्हणजे मला. विजयकुमार खुर्चीत जरा मागं सरकला.

तोवर ती पडद्यापाशी वाकली होती. मशीनमध्ये एका दिवसाचा हिशेब बंद केल्याशिवाय पुढचा दिवस उघडत नसे. बाहेर श्रावण लागला होता, पण पडद्याच्या कोपऱ्यात अजून तीस जून होता. ती तारखेकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कपाळावरची आठी हळूहळू सुटत होती.

"सर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हंजे तुमचंबी आमच्यासारखंच हाय?"

व्हय म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द... पण भिंतीवर त्याचा शालीतला फोटो होता, बाहेर तातेराव ओट्यावर बसलेले होते, आणि त्याच्या तोंडून आलं ते अगदी सहज, सवयीचं असल्यासारखं –

"नाही, नाही. आज सर्व्हर बिघडलाय. तारीख चुकीची दाखवतोय."

"अस्सं व्हय," ती म्हणाली, आणि सरळ उभी राहिली. "मग माझ्यातच कमी हाय."

पुढचा अर्धा तास त्यानं तिला काय काय दाखवलं ते त्यालाही नीट आठवेना. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, शाळेत मागं पडलेल्या लेकरासारखी. जाताना तिनं डब्यातले दोन धपाटे त्याच्या टेबलावर ठेवले, तुम्ही एवढा वेळ दिला म्हणून. तो तिला गावच्या फाट्यापर्यंत सोडायला गेला. वाटेत सांगू, गाडी यायच्या आत सांगू, असं करत राहिला. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात जोडले, आणि त्यानंही जोडले.

परतताना कुणीतरी रामराम घातला, सचिवसाहेब म्हणून. त्यानं मान खाली घातली. इतके महिने आपल्याला एकच धास्ती होती – कुणाला कळलं तर? आणि आज कळलं होतं. एका माणसाला कळलं होतं, आणि त्यामुळे तिला किती हलकं वाटलं होतं... तिच्या डोळ्यांना दिसलेलं खरं मी खोटं ठरवलं आणि ती ते मानून गेली. त्या घटकेला तिनं माझ्या लाजेतला अर्धा वाटा उचलला असता. आता सगळी लाज एकटीच घेऊन ती वारंग्याकडे चालली आहे.

सोसायटी दिसू लागली तशी त्याची पावलं मंदावली. खिशात फोन होता, फोनमध्ये तिचा नंबर होता. गाडी अजून वसमतलाही पोचली नसेल. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि लांबून तातेरावांनी हात करून बोलावलं तरी, तिकडे जायचं की आधी शीतलला फोन लावायचा, हे त्याला पटकन उमजेना.